उतरवून ठेवलेला जिना

मामांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी टाउन हॉलवर बसलो होतो.

तेही आरामात, पायावर पाय टाकून, हातात चहाचा कप घेऊन. लग्न ठरल्यावर होणाऱ्या बायकोने नवा फ्रिज दाखवावा तसं मला सगळ्या नातेवाइकांकडे फिरवून आणलं होतं, आणि तिच्या मामांचं घर हे त्या फेरीतलं शेवटचं. तोवर मी इतका चहा प्यायलो होतो की चालताना पोटातून डुचमळल्याचा आवाज यायचा. दार मामींनी उघडलं. "बसा," म्हणाल्या आणि चहा आणायला आत गेल्या. बैठकीत खुर्च्या होत्या, नाही असं नाही. पण एका खुर्चीवर दगडी फुलांचा गुच्छ बसला होता आणि दुसरीवर कुठल्याशा पुतळ्याचा डावा पाय. म्हणून मी कोपऱ्यातल्या ठेंगण्या, नक्षीदार दगडी स्टुलावर टेकलो. चहा आला. कप ओठाला लावतो न लावतो तोच आतल्या दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. उंच, सडपातळ, पांढरा शर्ट आणि लोक पेन लावतात त्या खिशाला खडू. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, डोक्यापासून पायापर्यंत माप घेतलं. मला वाटलं, आता हे माझ्या कपाळावर खडूने फुली मारणार आणि उद्या सकाळी चार मजूर येऊन मला उचलून नेणार.

"उठा," ते म्हणाले. "तुम्ही टाउन हॉलवर बसला आहात."

मी असा उठलो की टाउन हॉल जागेवर असता तर माझं डोकं त्याच्या घुमटाला आपटलं असतं. अर्धा चहा माझ्या पँटवर सांडला, दोन थेंब स्टुलावर. मामांनी खिशातून रुमाल काढला, स्टूल नीट पुसलं आणि मग तोच रुमाल माझ्यापुढे धरला. आधी इमारत, मग जावई, हा त्या घरातला क्रम मला पहिल्याच भेटीत समजला.

"खांबाचा माथा आहे तो," मामी आतून म्हणाल्या. "घाबरू नका जावईबापू. मी लग्न होऊन आले तेव्हा पोस्टाच्या उंबऱ्यावर बसून भाजी चिरली होती. केवढं बोलले होते मला."

"तेव्हा बोललो होतो," मामा म्हणाले. "आता काही बोलत नाही."

"आता तुम्ही कशालाच काही बोलत नाही," मामी म्हणाल्या आणि हसल्या. त्या काळी त्या हसायच्या.

मामा शहराच्या बांधकाम खात्यात होते. एखादी जुनी इमारत धोकादायक झाली, किंवा धोकादायक नसूनही तिची जागा कुणाच्या डोळ्यात भरली, की तिला नोटीस लागायची. नोटीस लागल्यानंतर आणि मजूर छपरावर चढण्याआधी मामा तिथे पोचायचे. रिकाम्या खोल्यांतून एकटेच फिरायचे आणि वाचवण्यासारखं जे असेल त्यावर खडूने फुली मारायचे. इतर खात्यांत फुली मारली की ती गोष्ट संपली. मामांच्या खात्यात फुली मारलेलं तेवढंच जगायचं. कमानीच्या मधला दगड, खिडकीची रंगीत काच, कोरलेला कठडा, दाराची मूठ. हे सगळं शहराच्या टोकाला असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये जायचं. तिला कोठार म्हणत. पुढेमागे मोठं संग्रहालय बांधायचं आणि या वस्तू तिथे मांडायच्या, अशी योजना होती. ती मामा नोकरीला लागण्याआधीपासून होती, आणि मामांसारखीच कुणाला त्रास न देता एका जागी बसून होती. खात्यातले लोक मामांना 'तुकडेसाहेब' म्हणत. मामांना त्यात थट्टा दिसली नाही. कुणी हाक मारली की 'ओ' द्यायचे.

कोठार भरल्यावर थोडं सामान तात्पुरतं म्हणून मामांच्या घरी आलं आणि भाचरांसारखं राहून गेलं. न्यायालयाच्या दाराची मूठ न्हाणीघराला लागली होती. अंघोळीला जाताना उगाचच आपल्या हातून काहीतरी झालंय असं वाटायचं. नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीची पितळी जाळी मामींनी मोजे वाळत घालायला घेतली होती. बँकेच्या दर्शनी भिंतीवरचा सिंह दाराशी होता. आख्खा नाही, जबडाच, त्यात छत्र्या. वापर मामींचा आणि हरकत मामांची, असा त्या घराचा कारभार चालायचा, आणि त्यात हरकत नेहमी हरायची.

मामांसमोर 'पाडणं' हा शब्द काढायची सोय नव्हती. "पाडतात ते दुसरे. आम्ही उतरवतो." मी एकदा फरक विचारला. त्यांना काही विचारलं की ते खरोखर विचार करून उत्तर द्यायचे, ही त्यांच्याशी गप्पा मारण्यातली मुख्य अडचण. बऱ्याच वेळाने म्हणाले, "बांधणाऱ्याने जे शेवटी बसवलं ते आधी काढायचं. इतकंच आहे."

जुनं नाट्यगृह उतरवत होते तेव्हा मी हौसेने त्यांच्याबरोबर गेलो होतो. रस्त्यावर ही गर्दी. म्हातारे नट डोळे पुसत होते, एक बाई भिंतीला तळहात लावून उभी होती, एका पुढाऱ्याने भाषण केलं आणि भाषणात त्यालाच हुंदका आला. त्या जागेवर दुकानं तोच बांधणार होता. अख्ख्या रस्त्यात कोरडे डोळे फक्त मामांचे. ते केळं खात होते. खाऊन झाल्यावर त्यांनी साल कागदात गुंडाळून खिशात ठेवलं, कारण नाट्यगृहाबाहेरची कचरापेटी आदल्या दिवशीच काढून टाकली होती.

"मामा, काही वाटतं का हो?" मी विचारलं.

"धूळ घशात जाते."

"तसं नाही. जुनी वास्तू, लहानपणापासून पाहिलेली…"

त्यांनी वर पाहिलं. मजूर सज्ज्याचा कठडा दोराने खाली सोडत होते. "डावी बाजू आधी यायला हवी होती," मामा म्हणाले आणि ते सांगायला निघून गेले.

मामी याच्या अगदी उलट. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. मामांनी त्यांना आधी ऐकलं आणि मग पाहिलं. त्या काळी बाहेरगावी फोन करायचा म्हणजे एक्स्चेंजला सांगावं लागायचं, आणि पलीकडून एक आवाज म्हणायचा, "थांबा हं, जोडते." मामा थांबायचे. खात्यातले लोक सांगायचे की त्या वर्षी मामांनी बाहेरगावच्या झाडून सगळ्या खडीवाल्यांना विनाकारण चौकशीचे फोन केले. त्यातल्या एकाने तर कंटाळून न मागवलेली खडी पाठवून दिली. लग्न झाल्यावर त्या खडीचा विषय मामींनी कितीतरी वर्षं पुरवला. "माझ्या लग्नात लोकांनी भांडी दिली," त्या म्हणायच्या, "आणि यांनी खडी."

संध्याकाळी घरी आल्या की मामी चपला काढता काढता सुरू व्हायच्या. कुणाची लाइन कुठे अडकली, कोण माणूस रोज त्याच वेळी त्याच नंबराला फोन करून नुसता खोकतो, कोणत्या मैत्रिणीचं कोणाशी वाजलं, त्यांच्यावरच्या मोठ्या बाई आज कुणावर घसरल्या. मामा ऐकायचे. मान हलवायचे, कधी "मग?" म्हणायचे. घरात बोलण्याचं खातं मामींकडे आणि ऐकण्याचं मामांकडे होतं, आणि दोघंही आपापल्या खात्यात खूश होती. माझी बायको म्हणते की लहानपणी सुट्टीत मामाकडे जायला तिला याच कारणासाठी आवडायचं. रेडिओ लावायची गरज पडायची नाही.

मग यंत्रं आली. घरबसल्या नंबर फिरवला की फोन आपला आपण लागायला लागला. ऑपरेटर बायकांना वेगवेगळ्या कचेऱ्यांत पांगवून टाकलं. मामींच्या वाट्याला पाणीपट्टीच्या कचेरीतलं शिक्के मारायचं टेबल आलं. एक्स्चेंजची इमारत काही वर्षं कुलपात राहिली आणि एक दिवस तिलाही नोटीस लागली. तिच्यात खडू घेऊन कोण फिरलं हे वेगळं सांगायला नको. माझ्या बायकोने मामांना म्हटलंसुद्धा, "मामा, या वेळी रजा टाकायची होतीस रे." मामा म्हणाले, "मी गेलो नसतो तर दुसरा गेला असता. त्याने पाडलं असतं."

छप्पर उतरलं त्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्याकडे जेवायला होतो.

"आज झालं," मामा म्हणाले.

मामी वाढत होत्या. "सगळं?"

"छप्पर झालं. भिंती उद्यापासून."

"काय ठेवलंत?"

"मागचा जिना. तुम्ही बायका चढायच्या तो. गोल, ओतीव लोखंडाचा. पूर्ण आहे. एकही पायरी तडकलेली नाही." मामांच्या मानाने हे भाषण झालं. त्यांच्या आवाजात, मन लावून ऐकलं तर, किंचित अभिमान होता. दुसऱ्या नवऱ्याने दागिना आणला असता तर तो याच आवाजात बोलला असता.

"बरं," मामी म्हणाल्या. "आणखी वाढू?"

"मामी, चिडलीस का गं?" माझ्या बायकोने विचारलं.

"नाही गं. चिडायला काय झालं? जुनीच झाली होती बिल्डिंग."

आणि खरंच त्या चिडल्या नव्हत्या. भांडणाला मी तयार होतो. कुणाची बाजू घ्यायची हेही मनात ठरवून ठेवलं होतं. पण भांडण आलंच नाही. नुसतं असं झालं की मामी घरी आल्यावर सांगेनाशा झाल्या. पाणीपट्टीच्या कचेरीत सांगण्यासारखं काही घडत नसेलही. शिक्का कागदावर पडतो, त्यात काय सांगायचं. फोन वाजला तर त्या उठायच्या नाहीत. "तुमचा असेल," म्हणायच्या. आम्ही गेलो की चहा व्हायचा, तब्येतीची विचारपूस व्हायची, मामी मधूनच एखादा चिमटाही काढायच्या, पण तो चिमटा झाला की पुन्हा पंख्याचा आवाज ऐकू यायचा. मामा जेवताना मान वर करून त्यांच्याकडे पाहायचे आणि थोडा वेळ थांबायचे. मग खाली पाहून जेवायला लागायचे. 'मग?' म्हणायला आधी कुणीतरी काहीतरी सांगावं लागतं.

असंच वर्षानुवर्षं चाललं. मामींची नोकरी संपली. मामांच्या निवृत्तीचं वर्ष आलं. निवृत्त झाले की कोठाराची किल्ली दुसऱ्याच्या हाती जाणार होती. एका रविवारी त्यांनी मला कोठारात बोलावून घेतलं. शेडच्या मागच्या भिंतीशी, ताडपत्रीखाली, एक्स्चेंजचा जिना पडला होता. पायऱ्या एकीवर एक रचलेल्या, मधला खांब आडवा.

"हा उभा करायचा आहे," मामा म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. कोठारात काहीही उभं करायचं नाही हा नियम त्यांचाच. अर्धवट उभं केलेलं कुणाच्या तरी अंगावर पडतं, आणि पडलं नाही तर खात्यातलाच कुणी त्याला इमारत समजून नोटीस लावतो, असं ते म्हणायचे.

"संग्रहालय मंजूर झालं की काय?"

"नाही. तिला दाखवायचा आहे."

"मामींना?"

"तिने हा उभा पाहिलेला आहे. उभा पाहिला की…" त्यांनी खडू बोटांत फिरवला. "बोलेल."

"काय बोलतील?"

"काहीही. पूर्वी बोलायची तसं."

हे त्यांनी सिमेंटची पोती सांगावीत अशा आवाजात सांगितलं. मी हो म्हटलं.

खात्याच्या ओळखीतला एक वेल्डर सुट्टीच्या दिवशी यायला तयार झाला. गाडीभर वजनाचा माणूस, तोंड सतत चालू. तो, मामा आणि मी अशी तिघांची फौज रविवारी कोठारात जमायला लागली, आणि पहिल्याच रविवारी फौजेचा पराभव झाला. जिना उतरवताना मामांनी प्रत्येक पायरीच्या खाली पांढऱ्या रंगात आकडा घातला होता, म्हणजे पुन्हा जोडताना कुठली कुठे ते कळावं. पण लोखंडाला गंज चढू नये म्हणून त्यावर अधूनमधून लाल रंगाचा हात फिरवायचा, हाही मामांचाच नियम. तो त्यांनी स्वतः, रजा टाकून, इतक्या मनापासून पाळला होता की सगळे आकडे लाल रंगाखाली गाडले गेले होते. दुसऱ्या कुणाच्या ताब्यात ते लोखंड असतं तर ते गंजलं असतं आणि आकडे वाचता आले असते.

"कशाला हवेत आकडे?" वेल्डर म्हणाला. "सगळ्या पायऱ्या सारख्याच तर आहेत, साहेब."

"सारख्या नाहीत. हाताने ओतलेल्या आहेत. ज्या जागी होती त्याच जागी बसते."

"म्हणजे आमच्या सासूबाईंसारखी."

मग एकेक पायरी उचलायची, खांबात ओवायची, खालच्या पायरीवर बसते का पाहायचं, नाही बसली की पुन्हा काढायची. वेल्डर प्रत्येक पायरीच्या वतीने बोलायचा. "ही म्हणते मला इथे करमत नाही." "दुसरी घे." "ही बसेन म्हणते, पण खालची शेजारीण बदला." मामा शांतपणे पुढची पायरी दाखवायचे. माझी पाठ त्या काळात अशी धरली की मी ऑफिसात खाली पडलेलं पेन उचलायच्या ऐवजी नवं मागवायचो.

घरी मामा मामींकडून माहिती काढायचा प्रयत्न करायचे. मी एकदा समोर होतो.

"तुमच्या त्या जिन्याला खिडकी कुठल्या हाताला यायची?"

"चढताना की उतरताना?" मामींनी विचारलं.

"चढताना."

"नाही आठवत."

"पायऱ्या किती होत्या?"

"मोजत कोण होतं. का हो?"

"असंच."

मामींनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

शेवटी जिना उभा राहिला. एकेक पायरी आपापल्या जागी गेली, कठडा बसला, आणि मी मोठ्या ऐटीत वरपर्यंत चढलो. वर गेल्यावर जिना डुलायला लागला. मूळ जागी त्याला भिंतीचा आधार होता. इथे नुसत्या खांबावर उभा. मी उतरलो तो चारी हातपाय वापरून.

"पडायचा नाही," वेल्डर म्हणाला. "थोडा डुलणारच."

"हलता कामा नये," मामा म्हणाले. "तिला उंचावर चक्कर येते."

खांब आतून पोकळ होता. मामांनी वरून नरसाळं लावून त्यात सिमेंट भरून घेतलं. थोडं भरायचं, सळईने ठोकायचं, पुन्हा थोडं भरायचं, आत कुठे पोकळी राहायला नको म्हणून. सिमेंट पायऱ्यांच्या खोबणींतही उतरलं. ते वाळायला दिलं. पुढच्या वेळी आम्ही तिघांनी मिळून धक्के मारले तरी जिना केसभरही हलला नाही. "साहेब," वेल्डर म्हणाला, "आता हा आपल्या तिघांना पोचवून मगच जाईल." मामांनी खांबावर हात फिरवला. ते हसले असं मी म्हणणार नाही, पण वेल्डरला त्यांनी आपल्या डब्यातलं दिलं.

मामींना आणायचा दिवस ठरला. कुठे आणि कशासाठी नेणार हे त्यांना सांगायचं नव्हतं. पण माझ्या बायकोला माहीत असलेली गोष्ट मामींना माहीत नाही, असं आमच्याकडे होत नाही. मामी ठेवणीतले कपडे घालून आल्या. एक्स्चेंजमध्ये न्यायच्या ती पर्स बरोबर घेतली होती. कोठारातल्या वाटेने जाताना त्या इकडेतिकडे पाहत होत्या. "ओळखीची बरीच मंडळी आहेत इथे," म्हणाल्या. एका कमानीच्या दगडाला वळसा घालून आम्ही मागच्या भिंतीशी आलो.

"तो आहे," मामा म्हणाले.

मामींनी वर पाहिलं. जिना वेटोळे घेत पत्र्याच्या छपरापर्यंत गेला होता आणि तिथे थांबला होता.

"लाल आहे," मामी म्हणाल्या.

"गंजू नये म्हणून."

"आमच्या वेळी काळा होता. हात काळे व्हायचे." त्यांनी जिन्याभोवती एक फेरी मारली. "कुणी जोडला?"

"मी," वेल्डर म्हणाला. "आणि साहेबांनी. जावईपण होते, त्यांना पाणी द्यायचं काम आम्ही केलं."

"चढून बघ," मामा म्हणाले. "हलत नाही."

मामी पहिल्या पायरीशी गेल्या. पर्स डाव्या हातात घेतली, उजव्या हाताची अंगठी खांबावर दोनदा आपटली आणि मान किंचित कलती करून उभ्या राहिल्या. कुणाची वाट पाहावी तशा. आम्हीही उभे राहिलो. त्यांनी पुन्हा आपटली, जरा जोरात. भिंतीवर आपटल्यासारखा आवाज आला.

"काय करते आहेस?" मामांनी विचारलं.

"वाजत नाही."

"काय वाजत नाही?"

"खांब. आम्ही खालून अंगठी वाजवायचो. वरपर्यंत वाजायचा तो, घंटा वाजते तसा. वरून कुणी उतरत असली तर तीही वाजवायची, मग खालचीने थांबायचं. एवढासा तर जिना. मध्ये गाठ पडली तर एकीला उलटं जावं लागायचं." त्या खांबाकडे पाहत बोलत होत्या. "प्रत्येकीची वाजवायची रीत वेगळी होती. वर बोर्डावर बसल्या बसल्या कळायचं कोण आली ते. कुणाला उशीर झाला की वरच्या मुद्दाम वाजवत राहायच्या, वर येऊच द्यायच्या नाहीत. ती बिचारी खाली उभी, घाम पुसत. एकदा मोठ्या बाईच खाली होत्या, आणि आम्हाला वाटलं आमच्यातलीच कुणी आहे. किती वेळ वाजवत होतो. त्या वर आल्या तेव्हा सगळ्या माना खाली, आणि एकीला हसू आवरेना, ती कानाला हेडफोन लावून 'हॅलो, हॅलो' करत बसली. लाइनवर कुणीच नव्हतं."

मामा अजिबात हलत नव्हते. मामी बोलत होत्या. मामांच्याही ते लक्षात आलं होतं.

"मग?" मामा म्हणाले.

"मग काय," मामी म्हणाल्या. "काही नाही." आणि त्या थांबल्या.

"इतकं सगळं सांगायचीस. हे कधी सांगितलं नाहीस."

"हे काय सांगायचं? जिना चढतोच की आपण." त्यांनी अंगठी बोटात सारखी केली. "तुम्ही पायऱ्या किती ते विचारलंत."

"साहेब, आत सिमेंट भरलंय ना, म्हणून…" वेल्डर हळूच म्हणाला.

"हो," मामा म्हणाले.

 मग ते जिना चढायला लागले. एकेक पायरी करत पत्र्यापर्यंत गेले, खिशातून कोठाराची किल्ली काढली आणि खांबावर वाजवली.

"आता?" वरून त्यांनी विचारलं.

मामींनी खांबाला कान लावला. किल्लीचा आवाज शेडमध्ये सगळ्यांना ऐकू येत होता, पण तो नुसता वरून येत होता. "नाही," त्या म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा वाजवली. "आता?"

"नाही."

"आता?"

"अहो, नाही येत. उतरा खाली."

मामांनी आणखी काही वेळा वाजवून पाहिलं. मामी कान लावून उभ्या राहिल्या. मग ते उतरले. "भरायला नको होतं," ते म्हणाले.

"असू दे," मामी म्हणाल्या. "हलत तर नाही."

बायकोने थर्मासमधून चहा आणला होता तो आम्ही प्यायलो. मामींनी वेल्डरची चौकशी केली, त्याच्या मुलांची शाळा विचारली. दगडी कामावर बसायला जागा भरपूर होती, पण सगळे उभेच होतो. परतताना बसमध्ये मामी खिडकीशी बसल्या.

"चढलीच नाहीस," मामा म्हणाले.

"वर कोण आहे?" मामी म्हणाल्या. रागाने नाही. घरी पोचल्यावर त्यांनी कुकर लावला, मामांनी कपडे बदलले आणि आम्ही आमच्या घरी गेलो.

मामा निवृत्त झाले. किल्ली घ्यायला आलेल्या नव्या माणसाने जिन्याकडे बोट दाखवून विचारलं, हा पुन्हा सुटा करून ठेवायचा ना? मामांनी नेहमीसारखा विचार केला. "नाही होणार," ते म्हणाले. "पाडावा लागेल." काही काळाने कोठाराची जागा दुसऱ्या कामाला लागली. सामान ट्रकमधून दुसऱ्या शेडमध्ये हलवलं. जिन्याच्या पायऱ्या गॅस कटरने कापल्या. खांबात सिमेंट असल्यामुळे तो भंगारवाल्याने घेतला नाही.

मामी त्यानंतर बरीच वर्षं होत्या. दोघं औषधांच्या वेळांबद्दल बोलायची, गॅस संपत आल्याबद्दल, वरच्या मजल्यावरून होणाऱ्या गळतीबद्दल. एक्स्चेंजचा विषय पुन्हा निघाला नाही. मामी गेल्या ते मामांनी मला फोनवर कळवलं. किती वाजता न्यायचं ते सांगितलं, कुठली बस सोयीची पडेल ते सांगितलं आणि फोन ठेवला.